पिकअपचा अल्टरनेटर घरच्या घरी बदलता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिझेल पिकअपच्या डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा इंजिन चालू असतानाही मंद पेटलेला राहतो, रात्री हेडलाइट लावून गाडी चालवली की दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला जात नाही, मेकॅनिकने बोनेट उघडून एक नजर टाकली आणि ‘अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग) गेला’ असे सांगितले, हाताशी पान्यांचा बऱ्यापैकी संच आणि साधा मल्टिमीटर असताना हे काम घरी करता येईल का, आणि करायचे तर काय सांभाळावे?

करता येईल. पाने चालवण्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या खेपेस अर्धा दिवस लागतो, पुढच्या खेपेस दोन तास पुरतात. मात्र या कामातल्या बहुतेक चुका बोल्ट सोडताना होत नाहीत, त्या बोल्टला पाना लावण्याच्या आधीच झालेल्या असतात. चांगला अल्टरनेटर काढून त्या जागी दुसरा चांगला अल्टरनेटर बसवलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की मोजमाप झाल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. त्यामुळे खोलण्याच्या कृतीकडे नंतर येतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भाग, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. त्यानंतर इंजिन चालू करून पुन्हा तिथेच मोजावे. चार्जिंग नीट होत असेल तर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसतो, आणि हेडलाइट, ब्लोअर, वायपर हे सगळे एकदम लावून इंजिनाचा वेग मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत नेला तरी तो साडेतेराच्या खाली उतरत नाही. अलीकडच्या काही गाड्यांमध्ये इंजिनाचा संगणकच गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करतो. अशा गाडीत काही मिनिटे १२.८ दिसले म्हणून घाबरू नये, सर्व भार लावल्यावर आकडा वर जातो की नाही ते पाहावे.

आकडा कमी आला तरी लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नये. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर तशीच ठेवून लाल तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या खुंटीवर, म्हणजे ज्याला बी प्लस म्हणतात तिथे, टेकवावी. फिरता पट्टा आणि पंखा यांच्यापासून हात, बाह्या व मल्टिमीटरच्या तारा दूर ठेवाव्यात, हे सांगायची गरज नसावी, तरीही सांगतो. खुंटीवर १४.४ आणि बॅटरीवर १३.१ असा फरक दिसला तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे, वीज वाटेत अडते आहे. पॉझिटिव्ह बाजूला भार असताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट खपवून घेऊ नये. तशीच मोजणी अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह, बाजूचीही करावी: अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर एक तार, बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरी, इंजिन चालू, दिवे चालू; येथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसले तर इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी काढून घासून पाहावी. इंजिन बंद असतानाही खुंटीवर बॅटरीइतकेच व्होल्टेज दिसले पाहिजे. शून्य दिसले तर मधला मुख्य फ्यूज उडाला आहे किंवा तार तुटली आहे.

माझ्याकडे एकदा असा एक पिकअप आला होता, ज्यात सहा महिन्यांत दोन अल्टरनेटर आणि एक बॅटरी बदलून झाली होती. अर्थच्या बाजूला ०.९ व्होल्ट घट होती. इंजिनाला जोडलेली विणलेली पट्टी वरून धडधाकट दिसत होती, पण तिच्या टोकाच्या धातूच्या कडीत हिरवी पूड साचली होती आणि बोटांनी पिळताच निम्म्या तारा तुटून हातात आल्या. पट्टी बदलली आणि गाडी सुरळीत चार्ज होऊ लागली. जुने दोन्ही अल्टरनेटर बहुधा चांगलेच असावेत. मालकाने ते आधीच भंगारात दिले होते.

तुमच्या बाबतीत दिवा मंद पेटतो, ही खूण महत्त्वाची आहे. ज्या गाड्यांमध्ये हा दिवा थेट अल्टरनेटरला जोडलेला असतो, तिथे त्याच्या एका टोकाला बॅटरीचे आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचे व्होल्टेज मिळते. दोन्ही सारखी झाली की तो विझतो, आणि दोहोंत थोडा फरक उरला की मंद पेटतो. हा फरक आतला एखादा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेल्याने पडू शकतो, तसाच जाड तारेचे टोक गंजल्यानेही पडू शकतो. म्हणूनच वरची खुंटीवरची मोजणी टाळू नये. डायोडचा संशय असेल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून, इंजिन चालू ठेवून, बॅटरीच्या टोकांवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड गेला असे बहुतेक वेळा खरे ठरते. याहून सोपी एक परीक्षा आहे, जिला कोणतेच उपकरण लागत नाही. सकाळी इंजिन थंडगार असताना अल्टरनेटरच्या मागच्या भागाला हात लावावा. रात्रभर उभ्या गाडीत तो भाग कोमट लागला, तर डायोडमधून बॅटरीची वीज उलटी झिरपते आहे.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तो दिवा ठळक पेटतो का हेही पाहावे. मुळात पेटतच नसेल तर दिवा, त्याची तार किंवा आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश यांपैकी काहीतरी गेले आहे. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये याच दिव्यातून जाणारा थोडासा प्रवाह रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, सुरुवातीचे चुंबकत्व देतो, त्यामुळे केवळ दिवा गेल्यानेही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा एकदा इंजिन जोरात रेस केल्यावरच सुरू होते.

चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढून ‘गाडी बंद पडते का पाहू’ ही जुनी परीक्षा कोणी सुचवली तर ती करू नये. बॅटरी हा या यंत्रणेतला मोठा धक्के सोसणारा भाग आहे. ती अचानक सुटली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते, आणि त्यात व्होल्टेज ताब्यात ठेवणारा चांगला रेग्युलेटर, शिवाय इंजिनाचा संगणकही जळू शकतो.

पट्टा घसरत असेल तरीही नेमकी हीच लक्षणे दिसतात. तो चकचकीत झाला आहे का, त्यावर तेल उडाले आहे का, हेडलाइट लावताच किंचाळतो का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात.

या सगळ्यातून अल्टरनेटरच दोषी ठरला तरी पूर्ण नग बदलण्यापूर्वी एक विचार करावा. आवाज नाही, बेअरिंग घट्ट आहे, फक्त चार्जिंग नाही आणि गाडी बरीच चाललेली आहे, अशा वेळी बहुधा कार्बन ब्रश झिजून संपलेले असतात. अनेक अल्टरनेटरमध्ये ब्रश आणि रेग्युलेटर एकाच छोट्या भागात येतात व दोन-तीन स्क्रू काढून बदलता येतात. रोटरच्या ज्या तांब्याच्या कड्यांवर ब्रश घासतात, त्यांवर खोल खाच पडली असेल तर मात्र नवे ब्रशही फार टिकत नाहीत. घरघर येत असेल, किंवा डायोड आणि बेअरिंग दोन्ही गेले असतील, तर पूर्ण नग बदलणेच शहाणपणाचे.

नवा नग आणताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. जुना शेजारी ठेवून अँपिअरचा आकडा, पुलीचा व्यास आणि खाचांची संख्या, बोल्टच्या कानांची जागा, प्लगचा आकार व त्यातील पिनांची संख्या, आणि जाड तारेच्या खुंटीची दिशा, हे सगळे ताडून पाहावे. काही पुल्यांच्या आत एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा असते: आतला रोटर धरून पुली फिरवली तर एका बाजूला ती मोकळी फिरते आणि दुसऱ्या बाजूला धरते. मूळ नगावर अशी पुली असेल तर नव्यावरही तीच हवी. साधी पुली बसवल्यास पट्टा फडफडतो आणि टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) लवकर झिजतो.

आता डिझेल पिकअपबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेक डिझेल गाड्यांमध्ये अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि तो रोटरच्याच दांड्यावर फिरतो. डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखी पुरेशी ओढ तयार होत नाही, म्हणून ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी हा पंप तयार करतो. तुमच्या अल्टरनेटरच्या मागे विजेच्या तारांखेरीज तीन नळ्या दिसत असतील, तर तुमची गाडी या प्रकारची आहे: एक बारीक नळी इंजिनातून तेल आणते, एक जाड नळी ते तेल परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये सोडते, आणि तिसरी ब्रेक बूस्टरकडे जाते. म्हणजे तुम्ही विजेचा भाग बदलत आहात असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात ब्रेकच्या यंत्रणेलाही हात लावत आहात. नव्या नगावर पंप नसेल तर जुन्यावरचा काढून बसवता येतो. पण मधली रबरी ओ-रिंग नवी घालावी आणि जुना पंप हाताने फिरवून अडखळत नाही ना ते पाहावे. जुन्या अल्टरनेटरचा ब्रशकडचा भाग तेलाने चिकट झालेला दिसला तर पंपाचे सील गेले होते, किंवा परतीची नळी दबून तेल तुंबले होते. ते कारण तसेच ठेवून नवा नग बसवला तर काही महिन्यांत त्याचीही तीच गत होते.

कामाच्या आदल्या रात्री बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. रिकामी बॅटरी भरण्याचे काम नव्या अल्टरनेटरवर टाकल्यास तो पहिल्याच दिवशी तासन् तास पूर्ण भाराने तापतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना उटी लावून उभी करावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. पट्ट्याची वाट कोणत्या पुलीवरून कशी जाते याचे मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. बोनेटखालचे चित्र बहुतेक वेळा धुऊन गेलेले असते.

सर्वांत आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढावे आणि ते परत टेकणार नाही असे बाजूला वाकवून ठेवावे. अल्टरनेटरच्या खुंटीवर चावी बंद असतानाही बॅटरीचे व्होल्टेज असते, हे विसरणारा मी पहिलाच नसेन. घाईत एकदा मी ही पायरी वगळली. रॅचेटचे डोके खुंटीच्या नटवर आणि दांडा ब्रॅकेटवर, असा क्षणभरच स्पर्श झाला. पांढरा लोळ उठला आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा खळगा दांड्यावर वितळून पडला. ते रॅचेट मी आजही वापरतो. बोटात अंगठी किंवा मनगटात कडे असेल तर तेही काढून ठेवावे.

पट्टा सैल करण्याची पद्धत गाडीनुसार बदलते. खाचांचा रुंद पट्टा असेल तर टेन्शनरवर लांब दांड्याचा पाना लावून तो हळूहळू फिरवावा, पट्टा एका पुलीवरून उतरवावा आणि टेन्शनर सावकाश सोडावा. एकेरी व्ही पट्टा असेल तर अल्टरनेटरचा ताण ठरवणाऱ्या लोखंडी पट्टीतला बोल्ट आणि खालचा मोठा बोल्ट सैल करून, ताणाचा स्क्रू असल्यास तो मागे घेऊन, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलावा. त्यानंतर प्लगचा खटका दाबून तो काढावा. खटक्यात माती अडकलेली असते आणि जुने प्लास्टिक कडक होते. आधी ब्रशने साफ करावे, तार धरून ओढू नये. खुंटीवरचे रबरी टोपण सरकवून नट काढावा. पंप असेल तर तेलाच्या नळीचा पोकळ बोल्ट काढताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वॉशर मोजून घ्याव्यात, बसवताना नव्या घालाव्यात, आणि उघडी टोके स्वच्छ कापडाने झाकावीत.

मग अल्टरनेटरला हाताचा आधार देऊन शेवटचा लांब बोल्ट काढावा. त्याचे वजन पाच ते आठ किलो असते, पंपासह थोडे अधिकच, आणि हात अवघडलेल्या स्थितीत ते फार वाटते. इथे अल्टरनेटर हटतच नाही असा अनुभव बहुतेकांना येतो. त्याच्या मागच्या कानात एक सरकते लोखंडी बुश असते, जे बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटला घट्ट दाबून धरते. ब्रॅकेटच्या कडेशी, अल्टरनेटरच्या पुढच्या जाड ओतीव भागाला सळई लावून, थोडे-थोडे आलटून-पालटून हलवावे. मधल्या पत्र्यांच्या थरावर किंवा मागच्या झाकणावर जोर देऊ नये.

नवा बसवताना याच बुशमुळे उलटी अडचण येते. कान ब्रॅकेटमध्ये केसभर जाड वाटतो, जातच नाही, आणि माणूस हातोड्याकडे वळतो. हातोडा हवाच, पण वेगळ्या कामासाठी: अल्टरनेटर बाहेर लाकडावर ठेवून ते बुश योग्य मापाच्या गोटीच्या (सॉकेटच्या) आधाराने दोन मिलिमीटर मागे सरकवावे. मग नग ब्रॅकेटमध्ये अलगद जातो, आणि बोल्ट आवळताना बुश आपोआप जागेवर येते.

बोल्ट सुरुवातीचे पाच-सहा आटे हातानेच फिरवावेत. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे असेल तर वाकडा घुसलेला पोलादी बोल्ट आटे कापत जातो, आणि ते दुरुस्त करण्यात सगळा दिवस जातो. खुंटीचा नट घट्ट हवा, पण तिथे अंगाचा जोर लावू नये; खुंटी आत फिरली तर नवा नग गेला. नटाखालचे तारेचे टोक घासून चकचकीत करावे. प्लग ‘टक’ आवाज करून बसला पाहिजे.

व्हॅक्यूम पंप असेल तर तेलाची नळी जोडण्यापूर्वी तिच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल पंपात सोडावे आणि पुली हाताने काही वेळा फिरवावी. कोरडा पंप पहिल्या काही सेकंदांतच ओरखडतो. परतीची नळी कुठेही मुडपलेली नाही हे आरशाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने खात्री करून पाहावे.

व्ही पट्ट्याचा ताण पाहण्याची अंगठ्याची पद्धत घरी पुरेशी आहे: दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने बेताच्या जोराने दाबल्यास पट्टा सुमारे दहा मिलिमीटर दबावा. सैल पट्टा किंचाळतो, म्हणून तो कळतो. अति घट्ट पट्टा काहीच बोलत नाही आणि बेअरिंग खातो. खाचांचा पट्टा प्रत्येक पुलीवर बरोबर बसला आहे, एकही खाच बाहेर राहिलेली नाही, हे बॅटरी जोडण्यापूर्वी बोट फिरवून तपासावे.

बॅटरीचे निगेटिव्ह टोक सर्वांत शेवटी जोडावे आणि इंजिन ऑइलची पातळी पाहावी. पंप असलेल्या गाडीत पुढची परीक्षा उभ्या गाडीवरच झाली पाहिजे. इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक होईल; मग पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टरला ओढ मिळते आहे. ते दगडासारखे राहिले तर गाडी जागची हलवू नये. नळी निसटली आहे, उलटी जोडली आहे किंवा पंप चालत नाही. इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून तेलाच्या जोडांवर कागद फिरवावा. ठिपका उमटला तर जोड पुन्हा पाहावा.

त्यानंतर सुरुवातीच्या सर्व मोजण्या पुन्हा कराव्यात: बॅटरीवर, खुंटीवर, अर्थवर, भारासह आणि भाराविना. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या नगातही रेग्युलेटर खराब निघू शकतो. भार नसताना सतत १५ व्होल्टच्या वर दिसत असेल तर गाडी चालवू नये, बॅटरी उकळते. नवा व्ही पट्टा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ताणतो, तेव्हा एकदा पुन्हा आवळावा लागतो.

इतके करूनही आठवड्याने बॅटरी उतरली, आणि चार्जिंगचे आकडे चोख असले, तर गाडी उभी असताना वीज कुठेतरी जाते आहे. निगेटिव्ह टोक काढून मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेतून त्या टोकाच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडावा, दारे बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग आकडा वाचावा. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत ठीक आहे. त्याहून बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. जो काढल्यावर आकडा कोसळतो, त्या फ्यूजवरच्या वायरिंगमध्ये किंवा उपकरणात दोष आहे. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवून सेल्फ मात्र मारू नये, मीटर जागच्या जागी जळतो.